टीचर, आय से येस

गुरुवारी वर्ग सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात दार उघडून माझ्याकडे इंग्लिश शिकणाऱ्या व्हिएतनामी बाई आत आल्या. त्या दिवशी त्या येणारच नव्हत्या, डोळ्यांच्या स्पेशालिस्टकडे जायचं होतं, पाच महिने थांबून मिळालेली वेळ होती. खुर्चीत बसल्या नाहीत, सरळ माझ्या टेबलापाशी आल्या. "टीचर, आय से येस. दे से नो अपॉइंटमेंट."

मी मेलबर्नच्या पश्चिम भागात एएमईपीचे वर्ग घेते. ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला आलेल्या मोठ्या माणसांसाठी सरकारचं फुकट इंग्लिश, १९४८ पासून चालू आहे. पूर्वी ५१० तासांची मर्यादा होती, २०२१ मध्ये ती गेली आणि बऱ्याच वर्षांपूर्वी आलेल्यांनाही दार उघडलं, म्हणून ह्या बाई माझ्याकडे. पंचवीस वर्षं घरी मशीनवर कपडे शिवले, नगावर पैसे. बाहेरचं बोलणं मुलं करायची, आता मुलं आपापल्या संसारात.

लोकांना वाटतं आम्ही ग्रामर शिकवतो. पण ह्या माणसांची खरी भीती फोनची असते, समोर चेहरा नाही, हातवारे नाहीत, आणि पलीकडचा माणूस घाईत.

मधल्या सुट्टीत दवाखान्यात फोन लावला, स्पीकरवर. रिसेप्शनिस्ट म्हणाली, सोमवारी मीच कॉल केला होता, डॉक्टर अर्धा तास उशिरा येणार होते म्हणून विचारलं, "यू डोन्ट वॉन्ट टू कॅन्सल, डू यू?" त्या म्हणाल्या येस, मग मी केली कॅन्सल.

मला लगेच कळलं, कारण आपणही तसंच बोलतो. आई नाशिकहून विचारते, "जेवली नाहीस ना अजून?" आणि मी म्हणते, "हो, नाही जेवले." आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला असतो, इंग्लिशमधला येस त्या गोष्टीला. बाईंना म्हणायचं होतं, बरोबर, नाही करायची कॅन्सल. त्यात भर म्हणजे दक्षिण व्हिएतनामी बोलीत आदरानं 'या' म्हणतात, आपल्या 'हं हं' सारखं, ऐकतेय एवढंच सांगायला. फोनवर तो सरळ इंग्लिश 'या' वाटतो. म्हणजे त्या बिचाऱ्या नम्रपणे ऐकत होत्या आणि पलीकडे एकेक होकार नोंदला जात होता. १३१ ४५० ह्या नंबरवर दुभाषा मिळतो, डॉक्टरांना तर फुकट मिळतो, पण तेवढी दोन मिनिटं कोणी काढत नाही, ह्याचा मला फार राग येतो.

आणि मग बाई जे बोलल्या ते अजून डोक्यातून जात नाहीये. "टीचर, फोन टेस्ट, यू गिव्ह मी पास."

खरंय. मीच दिला होता. आमच्या तक्त्यात नमस्कार केला, कारण सांगितलं, वेळ परत म्हणून दाखवली, थँक यू म्हटलं, चार टिक आणि झालं. सगळे प्रश्न "कॅन यू कम ऑन थर्सडे?" असल्या सरळ जातीचे. एवढ्या वर्षांत एकदाही मी त्यात 'डोन्ट'वाला प्रश्न घातला नाही, जो इथला प्रत्येक माणूस दिवसातून दहा वेळा विचारतो.

सुट्टीनंतर ठरलेला धडा बाजूला ठेवला. "यू आर नॉट टायर्ड?" "येस." "यू डोन्ट ईट मीट?" "येस." म्यानमारच्या दोघींचीही तीच गत. शेवटी एकच गोष्ट घोटून घेतली, येस-नो म्हणूच नका, पूर्ण वाक्य म्हणा. आय डोन्ट ईट मीट. आय ॲम नॉट टायर्ड.

वर्ग सुटल्यावर बाईंनी स्वतः फोन मागितला. मी म्हटलं मी बोलते, तर नको म्हणाल्या. रिसेप्शनिस्टनं विचारलं, "सो यू कान्ट डू मॉर्निंग्ज?" बाई थांबल्या. ओठ 'य'साठी उघडलेलेच होते, ते मिटले, माझ्याकडे बघितलं, मी काही बोलले नाही. मग हळू, एकेक शब्द, "आय... कॅन... कम... मॉर्निंग."

सात आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

तक्त्याच्या खाली मी पेनानं एक नकारार्थी प्रश्न लिहून वरिष्ठांना दाखवला. त्या म्हणाल्या, प्रश्न चांगलाय, पण तक्ता सगळ्यांना सारखाच लागतो, टिक त्या चारच. सोमवारी नव्या पाच जणांची फोन टेस्ट आहे. मी तो प्रश्न विचारणार, त्याचं उत्तर लिहायला कागदावर जागा नसली तरी.