'मला काही झाले नाही' असे म्हणण्यापूर्वी

मागच्या वर्षी रस्ता ओलांडत असताना वळणावरून आलेल्या एका मोटारीने मला धडक दिली, तेव्हा घाईघाईने उठून, कपडे झटकून मी चालकाला सांगितले, 'मला काही झाले नाही.' दुखण्यापेक्षा चारचौघांत पडल्याची लाज मोठी होती. तो क्षमा मागून निघून गेला. संध्याकाळी गुडघा इतका सुजला की पाय टेकवेना, आणि माझ्याजवळ ना गाडीचा क्रमांक होता, ना कोणा साक्षीदाराचे नाव.

धडकेनंतर शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन हे संकटकाळी स्रवणारे संप्रेरक उसळते आणि वेदना काही काळ दबून राहते, त्यामुळे स्वतःच्या प्रकृतीविषयी त्या पहिल्या काही मिनिटांत स्वतःच दिलेला निर्वाळा ग्राह्य धरू नये. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर जवळच्या लोकांना वाहने अडवायला सांगून रुग्णवाहिका येईपर्यंत आहे तसेच पडून राहावे. आपुलकीने दंड धरून उठवू पाहणाऱ्यांना स्पष्टपणे नको म्हणावे. (हे फार अवघड जाते.) चालता येत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. डोक्याला मार लागला असेल तर अधिकच जपावे, कारण कवटीच्या आत रक्तस्राव होत असतानाही माणूस कधीकधी काही तास व्यवस्थित बोलतो आणि नंतर अचानक ढासळतो. पहिले २४ तास सोबतीला कोणीतरी असावे, आणि डोकेदुखी वाढू लागली, उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा बोलणे अडखळू लागले, तर तडक रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी लक्षणांची वाटही पाहू नये. पोटावरचा मारही वरून दिसत नाही. प्लीहेला, म्हणजे पोटात डावीकडे बरगड्यांखाली असलेल्या अवयवाला, इजा झाली तर रक्त आतल्या आत साचत राहते.

शुद्ध आणि बळ असेल तर गाडीचा क्रमांक, तिची जागा आणि स्वतःच्या जखमा यांची छायाचित्रे घ्यावीत, पाहणाऱ्या एकदोघांचे दूरध्वनी क्रमांक टिपावेत आणि पोलिसांत नोंद करावी. आसपासच्या कॅमेऱ्यांतील चित्रण बहुधा काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते लवकर मागावे. चूक कोणाची यावर रस्त्यात वाद घालू नये, आणि तिथल्या तिथे पैसे घेऊन प्रकरण मिटवू नये, कारण दुखापत किती आहे हे तेव्हा दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसते. अंगावरचे कपडे पुरावा म्हणून न धुता ठेवावेत. मी मात्र त्याच रात्री फाटलेली विजार धुऊन वाळत घातली होती.