आमची वाटचाल : ट्रकच्या हेडपासून वाड्यातल्या शेवरलेटपर्यंत

जाम चौरस्त्याजवळ बाबांनी गॅरेज टाकलं ते ट्रकांच्या भरवशावर. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे टाटा यायचे. सहा सिलिंडरचं 697 इंजिन, हेड (इंजिनचं वरचं झाकण) उतरवायचं, वॉल म्हणजे त्यातल्या झडपा घासायच्या, की गाडी परत लाइनवर. डिझेलच्या पंपाने मिनिटाला 2,800 फेऱ्यांना बांधलेलं असल्यामुळे जास्त रेस व्हायची भानगडच नाही. (घाट उतरताना खालचा गिअर पडला तर मात्र चाकंच इंजिन फिरवतात, तिथे पंपाचं काही चालत नाही.)

मग भंडाऱ्याकडच्या एका मालगुजारांच्या वाड्यातली शेवरलेट आली, धानाच्या पोत्यांमागे वर्षानुवर्षं उभी असलेली. जनरल मोटर्स 1928 ते 1954 मुंबईत गाड्या जोडायची, त्यातलीच ही. सहा सिलिंडर, 216 घन इंच, 3,300 फेऱ्यांना पूर्ण ताकद. रॉडच्या बेअरिंगला प्रेशरने तेल नाही. रॉडच्या बुडाशी चमचे, तेच तेल उडवणार. मी सगळं केलं, फक्त वॉलच्या स्प्रिंगा तशाच बसवल्या. दिसायला ठणठणीत होत्या.

पंधरा दिवसांत गाडी टोचन होऊन परत. धाकट्या मालकांनी ताशी 50 मैलांवर ओव्हरटेकच्या घाईत दुसरा गिअर टाकला होता. हिशेब केला तर इंजिन 4,200 च्या आसपास गेलं असावं. फेऱ्या सव्वापट झाल्या, पण वॉल परत ओढायला लागणारी ताकद वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 1.6 पट. थकलेल्या स्प्रिंगा मागे पडल्या, वॉल उघडणाऱ्या दांड्यांपैकी दोन पुशरॉड वाकले. बाबा एवढंच म्हणाले, "दिसते चांगली, पण दाबून पायली काय?"

खर्च मीच सोसला. त्या आठवड्यात ड्रिल मशीनखाली किराणा दुकानातला जुना वजनकाटा ठेवला. स्प्रिंग काट्यावर उभी करायची, हँडलने बसवायच्या उंचीपर्यंत दाबायची, किलो वाचायचे. बारापैकी पाच ढिल्या निघाल्या. तेव्हापासून काट्यावर चढल्याशिवाय एकही स्प्रिंग इंजिनात गेलेली नाही.

रॉकरचं, म्हणजे वॉल दाबणाऱ्या दांडीचं, दुखणं वेगळं. वरपर्यंत तेल बेतानंच पोहोचतं, नळी गाळाने तुंबली की शाफ्ट कोरडा घासतो. रॉकरच्या तोंडाला खड्डा पडला असेल तर फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) खड्ड्यावरून आडवा जातो आणि गॅप बरोबर दाखवतो. टकटक तशीच. ग्राहक म्हणतो मिस्त्री चोर.

आता नागपूर-अमरावतीच्याही गाड्या येतात, आम्ही तिघं आहोत. टॅकोमीटर (इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा) नसलेल्या गाडीच्या स्पीडोमीटरवर मी दुसऱ्या गिअरसाठी 35 मैलांवर लाल टिकली लावतो. शेवरलेटला तिथे 3,000 च्या थोडं खाली भरतं. गेल्या पोळ्याला धाकट्या मालकांचा फोन आला, "भाऊ, टिकली पडली ना." सौभाग्यवतींकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं आणि निघालो.