थाई ग्रीन करी: नारळाचं दूध फुटू द्या

घरी केलेली थाई ग्रीन करी बरेचदा नारळाच्या दुधात उकळलेली हिरवी चटणी होऊन बसते. वास छान येतो, पण लसूण-मिरची कच्चीच लागते, कारण वाटण परतलेलंच नसतं. पारंपरिक पद्धतीत या करीला वेगळं तेल लागत नाही. दाट दूध आटवायचं, त्याचंच तेल सुटू द्यायचं आणि त्यात वाटण परतायचं.

चार माणसांना एक मोठा नारळ पुरतो. खवताना करवंटीजवळची तपकिरी साल घेऊ नका. हाताला सोसेल इतकं गरम पाणी एक वाटी घालून मिक्सरमध्ये फिरवा आणि फडक्यातून घट्ट पिळा. हे पहिलं दूध. चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून दुसरं दूध काढा आणि वेगळं ठेवा. पहिलं दूध दोन तास फ्रिजमध्ये ठेवलं की वर जाड साय येते. परतायला हीच हवी.

पाकिटातलं दूध घेणार असाल तर मागचा मजकूर वाचा. नारळ आणि पाणी एवढंच असेल तर उत्तम. गवार गम, पॉलिसॉर्बेट असं काही असेल, तर ते स्निग्धांश आणि पाणी धरून ठेवण्यासाठीच घातलेलं असतं. कितीही आटवा, तेल सुटायचं नाही. अशा वेळी खुशाल दोन मोठे चमचे खोबरेल तेल घाला.

वाटणाला १२-१५ हिरव्या मिरच्या, ४-५ छोटे कांदे, ८ लसूण पाकळ्या, ५ कोथिंबिरीची मुळं, एक चमचा भाजलेले धणे, अर्धा चमचा जिरं, अर्धा चमचा पांढरी मिरी, एक चमचा मीठ. मुळांसाठी कोथिंबिरीची जुडी मुळांसकट घ्या, आपल्या बाजारात ती सहज मिळते. गवती चहाची चहात टाकतो ती पाती इथे चालत नाही. बुडाचा जाड, पांढरट, बोटभर भाग हवा, असे तीन. गलांगल (आल्यासारखा थाई कंद) दोन सेंटिमीटर, ताजंच. काष्ठौषधींच्या दुकानातलं सुकं कुळिंजन म्हणजे सुकवलेलं गलांगलच, पण ते वेगळंच लागतं, त्यापेक्षा थोडं आलं परवडलं. कोळंबीची आंबवलेली पेस्ट, म्हणजे कापी, मिळाली तर एक चमचा. नसेल तर मोठा चमचाभर जवळा कोरडा भाजून, कुटून घाला. आंबवल्याचा खोल वास येणार नाही, पण समुद्राची चव येते.

कुटायचं असेल तर आधी धणे-जिरं-मिरी, मग मीठ आणि चिवट जिन्नस, कांदा-लसूण शेवटी. मिक्सर वापरलात तर पाण्याऐवजी दोन चमचे नारळाचं दूध घाला. पाणी जास्त झालं की वाटण परतलं न जाता शिजतं, आणि सगळी मेहनत वाया.

आता साय पसरट कढईत मध्यम आचेवर ठेवा. आधी बुडबुडे मोठे येतील, मग बारीक होतील, आवाज बदलेल आणि कडेला स्वच्छ तेल दिसेल. आठ-दहा मिनिटं धरा. मग वाटण घालून पाचेक मिनिटं परता, कच्चा लसणाचा वास जाईपर्यंत. अर्धा किलो चिकनचे तुकडे, शक्यतो मांडीचे, त्यात हलवा. दोन मोठे चमचे फिश सॉस आणि एक मोठा चमचा ताडगूळ घाला, मग दुसरं दूध. फिश सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण अर्धा चहाचा चमचा मीठ असतं, त्यामुळे वरून मीठ घालण्याआधी चव बघा. छोटी हिरवी वांगी चिरून लगेच घाला.

इथून पुढे मात्र खळखळ उकळी नको आणि झाकणही नको. साय फुटून तेल सुटणं वेगळं आणि पातळ दुधातली प्रथिनं जास्त उष्णतेने गोळा होऊन रस्सा कण्याकण्यांचा होणं वेगळं. पहिलं हवं, दुसरं नको. आंबटाने हे लवकर होतं; सोलकढी आपण गरम करत नाही ती याचसाठी. म्हणून या करीत लिंबू पिळू नका. लिंबाचा मान नारळाच्या दुधाच्या तोम खा या थाई सूपला, तोही गॅस बंद केल्यावर.

मक्रूट (काफिर) लिंबाची चार पानं मधली शीर काढून फाडून, आणि मूठभर थाई तुळस, शेवटच्या मिनिटाला. आपली पूजेची तुळस लवंगेच्या वासाची, ती इथे चव बिघडवते. थाई तुळस नसेल तर काहीच घालू नका. मक्रूट नसेल तर साध्या लिंबाची कोवळी पानं आणि थोडी किसलेली साल, अर्थात वास बराच सौम्य. रंग खाकी झाला तर घाबरू नका, जास्त वेळ शिजलं की हिरवा टिकत नाही. कोथिंबिरीची मूठभर पानं वाटून शेवटी घातली की काम भागतं.

उरलेली करी उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी मंद आचेवरच गरम करा.