समोर बसून गायल्यासारखं

मंगळवार, रात्री 11

आज पुन्हा अर्ध्यातून उठलो. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं आकाशवाणीवरचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. दहा मिनिटांत लक्ष गाण्यावरून उडालं आणि तबल्याच्या डग्ग्यावर जाऊन बसलं. मनगट घासून काढलेला घिस्सा खाली उतरताना एका ठराविक जागी फुगतो, कपाट थरथरतं, आणि पुढच्या दोन मात्रा त्या घुमण्यात बुडून जातात. टेपची खरखरही स्वच्छ ऐकू येते. मन्सूर अण्णा मात्र समोर येऊन बसत नाहीत.

स्पीकर दिवाळीच्या पाडव्याला घरी आले. जोडी 3 लाख 80 हजारांची. बँकेतून निवृत्त होताना हातात आलेल्या पैशांतून मी एवढी एकच गोष्ट स्वतःसाठी घेतली. दुकानातला मुलगा म्हणाला होता, ‘‘काका, डोळे मिटा, गायक समोर बसलाय असं वाटेल.’’ आणि तिथे तसं वाटलंही होतं. मोठी खोली, जाड गालिचा, भिंतींना कापडी पट्ट्या, मधोमध एकच खुर्ची. आमची बैठकीची खोली 14 बाय 11 फूट, खाली फरशी, एका बाजूला काचेचं कपाट. हा फरक मला तेव्हाच कळायला हवा होता. पण तेव्हा मी तानपुऱ्याची जवारी, तारांचा तो झणकारता नाद, ऐकत होतो. तारेखालचा दोरा नेमका कुठे बसलाय हे कळावं इतकी ती सुरेख उलगडत होती, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

ही म्हणाली, ‘‘अहो, गाणं ऐकताय की दोष शोधताय?’’ काही उत्तर सुचलं नाही.

गुरुवार, सकाळ

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. 80 हर्ट्झचा एकच स्थिर सूर लावून ठेवला आणि खोलीत चालत राहिलो. हा प्रयोग ज्याने त्याने एकदा आपल्या घरात करून पाहावा. मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो तर कानावर दाब येत होता. पाऊल पाऊल पुढे आलो तसा सूर विरत गेला, आणि भिंतीपासून साडेतीन फुटांवर जवळजवळ नाहीसाच झाला. स्पीकर तोच, सूर तोच. आणखी पुढे, खोलीच्या मध्यावर आलो, तर पुन्हा तेवढाच मोठा.

कारण सरळ आहे. 80 हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 14 फूट, म्हणजे नेमकी आमच्या खोलीएवढी. समोरच्या भिंतीवरून गेलेली लहर मागच्या भिंतीवरून परत येते, दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि खोलीत काही ठरलेल्या जागी आवाज साचतो, काही ठरलेल्या जागी मरतो. माझी आरामखुर्ची भिंतीला चिकटलेली. तिथे सगळेच खालचे सूर साचतात. म्हणजे गेले सहा आठवडे मी स्पीकर ऐकत नव्हतो, भिंत ऐकत होतो.

दिवाळीनंतर कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या होत्या. टाळी वाजवली की जो फडफडता नाद यायचा तो त्यांनी घालवला, पण डग्ग्याला त्यांचा काही उपयोग नाही. चौदा फुटांच्या लहरीला चार इंचांचा कापूस काय अडवणार? शेवटी स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले आणि खुर्ची पाच फूट. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. डग्गा जागेवर आला, अगदी मनगट दाबून मींड काढलेली दिसावी असा. आता खुर्ची खोलीच्या जवळजवळ मधोमध आहे आणि स्वयंपाकघरात जायला वळसा पडतो. हिने काही न बोलता वळसा घातला. तिचा तो अबोला मला कौतुकापेक्षा मोठा वाटला.

दुसरी गोष्ट मुलीने दाखवली. मन्सूरांचं ध्वनिमुद्रण एकाच माइकचं, म्हणजे मोनो. ते दोन स्पीकरांवर लावलं की तोच आवाज प्रत्येक कानावर दोनदा, किंचित मागेपुढे पोचतो आणि थोडा पुसट होतो. तिने एका स्पीकरची तार काढून टाकली. आवाज एका जागी गोळा झाला. खोली लहान झाली आणि गाणं मोठं झालं. वडिलांचा मर्फी रेडिओही एकच तोंड असलेला होता. त्याच्यासमोर पाटावर बसून मी खरं गाणं पहिल्यांदा ऐकलं.

मात्र माहितीपत्रकातल्या आकड्यांशी माझं नातं उरलं नाही. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, 30 हजार हर्ट्झपर्यंत जातो असं त्यात लिहिलंय. मुलीला 14 हजारांचा सूर स्पष्ट ऐकू आला, मला 11 हजारांच्या पुढे शांतता. वय 61. वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवतो.

‘गायक समोर’ हे आश्वासन शंभर वर्षांहून जुनं आहे. एडिसनच्या कंपनीने 1915 पासून दहाएक वर्षं अमेरिकेत गावोगावी जाहीर प्रयोग केले. गायिका रंगमंचावर उभी, शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवायचे आणि आत्ता कोण गातंय हे लोकांनी ओळखायचं. लोक फसायचे. त्या प्रयोगांत गाणाऱ्या अ‍ॅना केस यांनी पुढे सांगितलं, की त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळेल इतकाच लावायच्या. यंत्र माणसापर्यंत पोचलं नव्हतं, माणूस यंत्रापर्यंत खाली आला होता. दुकानातल्या त्या मुलावर माझा राग नाही. पण हे वाक्य विकणं बंद व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे चांगलं यंत्र घेतलेला माणूसही कायम उपाशी राहतो.

रविवार, रात्री उशिरा

आत्ताच सवाई गंधर्व संगीत महोत्सवाहून आलो. यंदा फक्त आजचंच तिकीट काढलं होतं. मुकुंदनगरचं मैदान भरलेलं, थंडी बेताची, हिची शाल दोघांत.

शेवटी प्रथेप्रमाणे सवाई गंधर्वांची भैरवीतली ठुमरी लावली. मिनिटाला 78 फेऱ्यांची जुनी तबकडी, जेमतेम तीन मिनिटांची. त्यात खर्ज नाही, वरचे सूर नाहीत, खरखर मात्र भरपूर. मैदानावरच्या कर्ण्यांतून ती हजारो लोकांवर सोडलेली. निघायला उठलेले लोक जागच्या जागी थांबले. माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा खुर्चीची पाठ धरून उभे होते आणि समेवर त्यांची बोटं हलत होती. माझे डोळे भरून आले. घरी मंगळवारी जी खरखर मला खुपली होती, तशीच ही.

आणि तिथे उभं असताना आणखी एक आठवलं. विशीत असताना रमणबागेत वडिलांबरोबर सतरंजीवर रात्रभर बसून मी मन्सूरांना ऐकलं. तो आवाज मी आयुष्यभर मनात जपला आणि घरच्या स्पीकरांकडे मागत राहिलो. पण मी बसलो होतो पार मागे, कनातीजवळ. अण्णा तिथून बोटाएवढे दिसत होते. मी ऐकला तो आवाजही स्पीकरचाच होता, बांबूला बांधलेल्या साध्या स्पीकरचा. त्याबद्दल तेव्हा कोणी एक शब्दही बोललं नव्हतं. वडील शेजारी होते, थर्मासमधला चहा होता, पहाट व्हायला आली होती.

परतताना दांडेकर पुलापर्यंत ही स्कूटरवर मागे बसून भैरवीचा मुखडा गुणगुणत होती. घरात शिरल्या शिरल्या म्हणाली, ‘‘ती ठुमरी आपल्याकडे आहे ना? लावा की.’’

एकच स्पीकर, आवाज हळू, कारण खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे. खुर्चीत तिला बसवलं. मी फरशीवर, चिकटपट्टीच्या खुणेजवळ. तिने शालही काढली नव्हती. तीन मिनिटं संपली तेव्हा ती म्हणाली, ‘‘परत.’’