कॅरीबॅगमधला शर्ट

2009 ची गोष्ट, मी तेव्हा ग्रामीणच्या एका पोलीस स्टेशनला मुद्देमाल कारकून होतो. विधानसभेचं मतदान 13 ऑक्टोबरला, आणि त्याच्या चार दिवस आधी पहाटे रस्त्याकडेच्या चारीत एक पोरगा मरून पडलेला सापडला, शेजारी मोटारसायकल आडवी. वाळूच्या ठेक्याविरुद्ध अर्ज करत फिरायचा आणि ठेका कुणाच्या माणसाचा हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं.

दोन्ही तळहातांवर खोल आडवे काप. गाडीवरून पडलेल्याचे हात खरचटतात, असे कापले जात नाहीत, वार अडवताना होतात ते. तिथं उभ्या प्रत्येक पोलिसाला कळलं होतं. तरी 174 खाली एडी, म्हणजे नुसती अकस्मात मृत्यूची नोंद, लावली, कारण वरून फोन, मतदान होऊ दे मग बघू. एडी लागली की सगळं सैल पडतं, ना जागा बंद केली ना श्वान पथक बोलावलं, आणि रात्री परतीच्या पावसानं चारी धुऊन नेली.

मला सलतो तो शर्ट. रक्ताचा कपडा सावलीत पूर्ण वाळवायचा, उन्हात नाही, मग घडीघडीत कागद घालून कागदातच बांधायचा, वर लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांचं लेबल. प्लास्टिक चालतच नाही, आत कुजतो. हा दवाखान्यातून कॅरीबॅगला गाठ मारून आला. म्हटलं साहेब, वाळत घालतो, तर म्हणाले एडीचा आहे, हात लावू नको.

पोस्टमॉर्टेममध्ये धारदार शस्त्र आलं म्हणून खुनाचा 302 दाखल झाला, पण 15 तारखेला, मतदान उरकल्यावर. पंचांसमोर पिशवी सोडली तर सगळीकडे हिरवट बुरशी, वरून दुसरं बटण काळ्या दोऱ्यानं घरी शिवलेलं. सीएचा, म्हणजे सरकारी रासायनिक तपासणीचा, रिपोर्ट आला, रक्त मानवी, गट निश्चित करता येत नाही. पुढं अ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळून येत नाही.

तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांना 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेलेले असताना मारलं. 2014 ला सीबीआयनं ती फाइल बंद करायचा रिपोर्ट दिल्याचं पेपरात वाचलं. तो तपास मी पाहिलेला नाही, पण त्या रात्री मला आमच्या कपाटातला वास आला.

पोराची आई दर दिवाळीआधी यायची, काही लागलं का विचारायची. मी साहेबांकडं पाठवायचो. शर्टाचं तिला कधीच सांगितलं नाही.