आधी वहीत अंदाज, मग पडदा

खगोलशास्त्र आणि भूगोल शिकवायला इंटरनेटवर आज इतकं फुकट साहित्य आहे की अडचण निवडीची होते. आमची निवडीची कसोटी एकच आहे: त्या साधनातून मुलांना एखादा आकडा काढता आला पाहिजे आणि तो आकडा अंगणात, वहीत किंवा नकाशावर ताडून बघता आला पाहिजे. नुसता फिरणारा शनी दाखवला तर वर्ग पाच मिनिटं गप्प बसतो, पुढे काही होत नाही.

सुरुवात स्टेलॅरियमपासून करा, म्हणजे कुठल्याही ठिकाणचं, कुठल्याही वेळचं आकाश पडद्यावर दाखवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरपासून. संगणकावर उतरवून घ्यायची आवृत्ती घ्या, ती नेट नसतानाही चालते. उघडल्यावर पहिलं काम म्हणजे एफ ६ दाबून ठिकाण तपासणं. नेटवरून ठिकाण आपोआप घेण्याची खूण असेल तर ती काढा, कारण कित्येकदा भलत्याच शहराचं आकाश समोर येतं. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश हाताने भरा आणि वेळेचा पट्टा आशिया/कोलकाता आहे ना ते बघा. मग एफ ४ मध्ये प्रकाशप्रदूषण आपल्या गावाइतकं वाढवा. नाहीतर मुलं पडद्यावर हजारो तारे बघतात, रात्री गच्चीवर चाळीस दिसतात आणि त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. त्याच खिडकीत चंद्र मोठा करून दाखवायची सोय आहे, ती बंदच ठेवा.

आता सावली. एक मीटरची सरळ काठी ओळंबा लावून उभी करा आणि मुलांना आधीच विचारा: दुपारी सावली कुठल्या दिशेला पडेल? बहुतेक जण 'उत्तरेला' म्हणतात. एफ ३ दाबून सूर्य शोधा, पुण्यासाठी २२ डिसेंबरची दुपार लावा. सूर्याची उंची सुमारे ४८ अंश येते, म्हणजे सावली ९० सेंटिमीटर, उत्तरेला. विषुवदिनी साडेतेहेतीस. आणि २१ जूनला? साडेआठ सेंटिमीटर, पण दक्षिणेला! मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. या टप्प्याच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. कोल्हापूरला मेमधला तो दिवस ६ तारखेच्या आसपास, पुण्यात १४ च्या, नागपुरात २६ च्या आसपास.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे बरोबर बाराला मोजणं. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतात. पुणे त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून मेच्या मध्यात तिथे खरी माध्यान्ह १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास होते, मुंबईत १२.३५ ला. त्याआधी वीस मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत जा, सर्वांत आखूड खूण घ्या.

दुसरी अडचण टोकाची. सूर्याची चकती अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीचं टोक जवळजवळ सेंटिमीटरभर धूसर असतं आणि दोन मुलं दोन आकडे सांगतात. उपाय सोपा आहे. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला जाड पुठ्ठा आडवा बसवा. जमिनीवर उजेडाचा लहानसा गोल पडतो, त्याचा मध्य धरा. काठीची उंची मात्र भोकापर्यंत मोजायची आणि सावली भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून.

हे जमलं की दोन शाळा जोडा. कोल्हापूर आणि जळगाव यांच्या अक्षांशात सुमारे ४.३ अंशांचा फरक आहे, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४७७ किलोमीटर. एकाच दिवशी दोघांनी आपापल्या माध्यान्हीला सावलीवरून सूर्याचा कोन काढला की दोन कोनांतला फरक आणि हे अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ हाताशी येतो. पण ४७७ हे एसटीच्या रस्त्याचं अंतर नव्हे. गूगल अर्थच्या मोजपट्टीने कोल्हापूरपासून सरळ उत्तरेला, जळगावच्या अक्षांशापर्यंत रेघ ओढायची. कोन पाव अंशाने चुकला तरी उत्तर सहा टक्क्यांनी हलतं, हे मुलांना आधी सांगून ठेवा.

चंद्रासाठी इतकंच: स्टेलॅरियममध्ये संध्याकाळी सातची वेळ लावा, चंद्र निवडा आणि बरोबरच्या चिन्हाची (=) कळ दाबत जा. एकेक दिवस पुढे जातो, चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत रोज साधारण १३ अंश पूर्वेकडे सरकतो. कलांचं चित्र फळ्यावर काढायच्या आधी हे दाखवा.

भूशास्त्रासाठी आमचं आवडतं साधन अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षणाची, म्हणजे यूएसजीएसची भूकंपसूची. थेट नकाशा दाखवून थांबू नका. सूचीतून पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांजवळचा पट्टा निवडा: अक्षांश उणे २२ ते उणे १८, रेखांश १७८ ते १८८, मॅग्निट्यूड (भूकंप किती मोठा ते सांगणारा आकडा) ४.५ च्या वर, दहा वर्षं. सीएसव्ही फाइल (स्प्रेडशीटमध्ये उघडणारा तक्ता) उतरवा आणि रेखांश विरुद्ध खोली असा आलेख काढा, खोली खाली वाढत जाईल असा. पहिल्या फटक्यात आलेख दोन तुकड्यांत फुटतो. कारण हा पट्टा १८० अंशाची रेषा ओलांडतो आणि तिच्या पूर्वेचे रेखांश उणे येतात. उणे रेखांशांत ३६० मिळवा. मग पूर्वेला उथळ आणि पश्चिमेला सहाशे किलोमीटरपर्यंत खोल जाणारी ठिपक्यांची तिरकी रांग उमटते. पॅसिफिक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, खाली बुडतोय, ही त्याचीच रेघ. खरा उतार हवा असेल तर रेखांशाचा एक अंश म्हणजे १०५ किलोमीटर धरून दोन्ही अक्ष एका मापाचे करा. १० किलोमीटरवर ठिपक्यांची आडवी ओळ दिसेल. तिला भूगर्भाचा थर समजू नका, खोली नीट ठरवता आली नाही की तिथे ठरावीक १० हा आकडा धरतात.

यानंतर वर्गातून प्रश्न येणारच: मग किल्लारीला भूकंप का झाला? तो भूपट्टाच्या कडेवर नव्हता, पोटात होता. कोयनेचा भूकंप धरणाच्या पाण्याशी जोडला जातो. अक्षांश १५ ते २२, रेखांश ७२ ते ८१, मॅग्निट्यूड ५ च्या वर आणि १९६० पासून असं शोधा, दोन्ही सापडतील. तारखा मात्र खटकतील: १० डिसेंबर १९६७ आणि २९ सप्टेंबर १९९३. आपल्याकडे सगळे ११ डिसेंबर आणि ३० सप्टेंबर म्हणतात. सूचीतली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, तीत साडेपाच तास मिळवायचे. मिळवल्यावर किल्लारीची वेळ पहाटे चारला चार मिनिटं कमी अशी येते, कोयनेची पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं.