कोकणातल्या घरासाठी सोलर कॅमेरा निवडताना

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी आई-बाबा दोघंच राहतात. बाबांच्या उपचारांसाठी ते ठाण्याला आमच्याकडे आले की घराला कुलूप. त्यातून हापूसचे दिवस असले की जीव टांगणीला. म्हणून बेड्याकडे, म्हणजे आवाराच्या फाटकाकडे, तोंड करून एक कॅमेरा लावायचं ठरलं. घरापासून तिथपर्यंत वायर ओढायची तर पावसात ती कुठे खराब होईल याचा नेम नाही, आणि वादळात लाइट गेली की केव्हा येईल तेही सांगता येत नाही. त्यामुळे सोलरच घ्यायचा, हे पक्कं होतं.

दुकानात बोलणं सुरू होतं मेगापिक्सेलपासून. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी बघावं. आधी विजेचा हिशेब. मोबाइलच्या सिमवर चालणारा ४जी कॅमेरा सतत रेकॉर्डिंग करत राहिला आणि त्याला ४ वॉट लागतात असं धरलं, तर दिवसरात्रीचे ९६ वॉट-तास झाले. सोबत येणारं पॅनल बहुधा ५-६ वॉटचं. लख्ख उन्हातही त्यातून दिवसाला २५-३० वॉट-तास मिळाले तरी पुष्कळ. १०,००० एमएएचची बॅटरी ३.७ व्होल्टची, म्हणजे तिच्यात ३७ वॉट-तास. हा हिशेब कागदावर मांडला आणि चोवीस तास रेकॉर्डिंगची अपेक्षा मी सोडून दिली. असे बहुतेक कॅमेरे एरवी झोपलेले असतात. समोर अंगाची ऊब हलली की पीआयआर सेन्सर त्यांना उठवतो. उठायला किंचित वेळ लागतो, म्हणून भरधाव गेलेली मोटारसायकल निसटू शकते. शिवाय माणूस सरळ सेन्सरच्या दिशेने आला तर तो उशिरा ओळखतो, आडवा गेला की पटकन. म्हणून कॅमेरा बेड्याच्या बरोबर समोर न लावता बाजूच्या मांगरावर, म्हणजे घराबाहेरच्या खोपटावर, लावला. येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवाच जातो.

खरी परीक्षा पावसाळ्याची. जाहिरातीतली ‘एका चार्जमध्ये तीन महिने’ ही भाषा दिवसातून मोजक्याच वेळा जाग येते असं धरून असते. आमच्याकडे आषाढात सूर्य दिवसेंदिवस तोंड दाखवत नाही, आणि रस्त्याने गुरं, वानर, माणसं यांची ये-जा चालूच. त्यामुळे दोन गोष्टींवर मी अडून बसलो: बॅटरी २०,००० एमएएचच्या खाली नको, आणि पॅनल कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेलं नको, वेगळं हवं, तीनेक मीटर वायरचं. वेगळं पॅनल असलं की कॅमेरा वळचणीला झडीपासून आडोशाला राहतो आणि पॅनल फणसाच्या सावलीबाहेर, पत्र्यावर उन्हात. आमचं गाव साधारण १७ अक्षांशावर, म्हणून पॅनलला दक्षिणेकडे जवळपास तेवढाच कल दिला. कल असला की पालापाचोळाही साचत नाही. वायर कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली झोल ठेवला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं.

सिम निवडायला मात्र फोन घेऊन मांगरापाशी उभं राहावं लागलं. पडवीत ज्या कंपनीची रेंज भरपूर, तिची तिथे येईलच असं नाही. जिओचं ४जी ३, ५ आणि ४० या बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर, चालतं. कॅमेरा हे बँड घेतो का, ते खोक्यावरच्या माहितीत तपासलं. काही कॅमेरे विकणाऱ्याचंच सिम घेतात, ते बाजूला ठेवले. रेकॉर्डिंग नुसतं मेमरी कार्डवर असेल तर चोर कॅमेऱ्यासकट पुरावाही उचलून नेईल, म्हणून क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवर साठवण्याची, सोयही पाहिली. आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहीत. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला सायबर सुरक्षेच्या निकषांची चाचणी आपल्याकडे सक्तीची आहे. आपल्या दाराचं चित्र कुणा तिऱ्हाइताच्या हाती पडू नये, एवढी खबरदारी घ्यायलाच हवी.

आईची अट एकच होती. “मी खळ्यात वाळवण घालत असेन, मला त्यात दाखवू नकोस हो.” तिचं म्हणणं अगदी रास्त. कॅमेऱ्याची नजर बेडं आणि पाखाडी (पायऱ्यांची वाट) एवढ्यापुरतीच ठेवली, शेजारच्या काकूंच्या अंगणाचा कोपरा दिसत होता तो अ‍ॅपमधून झाकला आणि आवाजाचं रेकॉर्डिंग बंद केलं. रात्रीचा पांढरा दिवाही बंदच असतो. त्याच्यावर किडे झेपावतात, मग कोळी भिंगापुढे जाळं विणतात. बाबा अधूनमधून कुंच्याने तेवढं साफ करतात.

परसदारी मात्र सोलर लावणार नाही. तिथे रातांब्याची आणि माडांची गर्द सावली, पॅनलला ऊन मिळायचंच नाही, आणि झाडं काही मी तोडणार नाही. ती बाजू घराला लागूनच आहे, तिथे इन्व्हर्टरवर चालणारा साधा वायरचा कॅमेरा लावायचं बाबांशी बोलून ठरवलंय.